संसाररथाची चार चाकं

आम्हां मराठीच्या प्राध्यापकांच्या कपाळी लग्नातलं भाषण लिहिलेलंच असतं. वधूपिता बँकेत असो की वराचे मामा साखर कारखान्यात असोत, जेवणं आटोपली, विडे झाले, की कोणीतरी म्हणतंच, "सर, दोन शब्द बोला." मग सर उठतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "पति-पत्नी ही संसाररथाची दोन चाकं आहेत. एक चाक लहान आणि एक मोठं असेल, तर रथ चालणार कसा?" टाळ्या पडतात. सर बसतात आणि राहिलेली मठ्ठ्याची वाटी जवळ ओढतात.

वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी निदान साठ मांडवांत म्हटलं असेल. गंमत अशी, की त्याचा अर्थ मला गेल्या वर्षीच्या गणपतीपर्यंत ठाऊक नव्हता. तो मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी मोटारीखाली उताणं पडून समजावून सांगितला. त्या शिकवणीची फी सत्तर हजारांच्या घरात गेली. पैशाचं दुःख मी करीत नाही असं म्हणणं खोटं होईल. प्राध्यापक माणूस आहे, करतोच. पण ते दुःख हप्त्याहप्त्याने कमी होतं. ज्या रात्री माझी आई त्या मोटारीत बसून एकेका श्वासासाठी झगडत होती आणि मोटार जागची हलत नव्हती, त्या रात्रीला मात्र हप्ते नाहीत.

मुळापासून सांगतो.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे जाताना आमचं गाव लागतं. घर खाली वहाळाच्या काठी, डांबरी रस्ता वर, आणि दोहोंच्या मधे दीडशे पावलांची आमची घाटी. एरवी ही तांबड्या मातीची वाट चित्रात शोभेल अशी दिसते. पावसाळ्यात मात्र तिच्यावर साबण चोळल्यासारखं होतं. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी असते. वय शहात्तर, आणि सोबतीला दम्याची जुनी व्यथा. कोल्हापूरला चल म्हटलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "माका थंय गमणा नाय."

आधीची आमची छोटी मोटार आषाढात त्या घाटीवर चढेना. पुढची चाकं गरगर फिरायची आणि मोटार सभ्यपणे मागे मागे यायची. शेवटी आम्ही पाच वर्षं वापरलेली, चारही चाकांनी ओढणारी मोटार विकत घेतली. हिला ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी त्यासाठी दोन ठेवी मोडल्या. डोंगर चढायची हौस आम्हां दोघांनाही नाही. एखाद्या रात्री आईला घाटी चढवून वर आणावं लागलं तर आणता यावं, एवढ्या एकाच कारणासाठी ही मोटार घरात आली. हे कारण वाचकांनी ध्यानात ठेवावं. मी ते विसरलो होतो.

साध्या मोटारीत दोन चाकं ओढतात आणि बाकीची दोन वऱ्हाडी मंडळींसारखी मागून येतात. जुन्या जीपमध्ये एक दांडा असायचा. चिखल आला की तो ओढायचा, म्हणजे चारही चाकं कामाला लागायची. कोरड्या रस्त्यावर तो परत ढकलायचा. १९६६ साली इंग्लंडात जेन्सन एफ.एफ. आणि १९८० साली जर्मनीत ऑडी क्वात्रो या मोटारी निघाल्या आणि रोजच्या रस्त्यावरही चारही चाकांना ओढ देण्याची सोय झाली. आमच्या मोटारीची तऱ्हा आणखी निराळी. तिची पुढची चाकं नेहमी ओढतात. मागच्या चाकांकडे एक लांब दांडा जातो, आणि त्याच्या टोकाशी पातळ चकत्यांचा एक डबा असतो. मिस्त्री त्याला कपलिंग म्हणतात. पुढची चाकं घसरू लागली की विजेच्या जोरावर त्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि मागचीही चाकं ओढू लागतात. घसरण थांबली की पकड सैल होते. सगळं आपोआप. शेजाऱ्याच्या घरी पाहुणे फार झाले की आपण चार पाट घेऊन जातो आणि पाहुणे गेले की परत आणतो, तसाच हा प्रकार.

पहिला पावसाळा निर्विघ्न गेला. दुसऱ्या वर्षी श्रावणात मागचे दोन टायर पार गुळगुळीत झालेले दिसले. पुढचे अर्धे झिजलेले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, चारही बदलून टाका. आणि त्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा उघडून तरी बघा."

मी हसलो. पुढच्या टायरांत अजून निम्मा जीव असताना ते फेकून द्यायचे? आमच्या घरात पॅन्टची पिशवी होते, पिशवीचं पायपुसणं होतं आणि मगच त्या कापडाला मोक्ष मिळतो. दोन टायरांचे चौदा हजार वाचवल्याच्या आनंदात मी दुकानात गेलो. श्रावणाची सवलत चालू होती. दुकानदार म्हणाले, "सर, तुमचा नेमका माप आज नाही. पण हा घ्या. बसतंय की! सोळा म्हणजे सोळाच."

मी टायरवरचे आकडे पाहिले. माझ्या मोटारीचा टायर होता २१५/६५ आर १६. हा होता २१५/६० आर १६. दोनशे पंधरा बरोबर, सोळा बरोबर. मधल्या आकड्यात पाचाचा फरक. तो काय असायचा? "बसतंय ना? मग बसवा," मी म्हटलं.

वाचकहो, मी परीक्षेच्या पेपरात 'दिन' आणि 'दीन' यांच्यातल्या वेलांटीसाठी अर्धा गुण कापणारा माणूस. 'सुत' आणि 'सूत' यांत गोंधळ करणाऱ्या मुलाला मी सगळ्या वर्गासमोर उभं करतो. विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावतो, की गाइडं वाचू नका, मूळ ग्रंथ वाचा. त्याच माझ्या मोटारीचा मूळ ग्रंथ समोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच पडून होता. आणि दुकानात मी ऱ्हस्व-दीर्घाची सरळ चूक केली.

त्या आकड्यांचा अर्थ असा. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १६ हा आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, इंचांमध्ये. आणि मधला ६५ हा मिलिमीटरही नव्हे, इंचही नव्हे. ते शेकडा प्रमाण आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या शेकडा ६५. म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर. ६० म्हटलं की ती १२९ होते. ही भिंत चाकाच्या वरही असते आणि खालीही, तेव्हा फरक दुप्पट धरायचा. सगळ्या चाकाचा व्यास एका टायरचा ६८६ मिलिमीटर भरतो, तर दुसऱ्याचा ६६४. पाचाचा तो क्षुल्लक फरक बाविसावर जातो. बैलगाडीला नवी धाव चढवताना लोहार आधी चाकाचा घेर मोजून घेतो. एक एम. ए. झालेला माणूस ते न मोजता पैसे देऊन मोकळा झाला.

महिनाभर मोटार शहरात फिरली. मागून एक बारीक घुमघुम आवाज येऊ लागला. नवे टायर आहेत, आवाज करायचेच, अशी मी समजूत करून घेतली. गणपतीसाठी आम्ही गावी निघालो. आंबोलीपाशी जळकट वास आला. पुढच्या ट्रकचा असेल म्हटलं. गावी पोचल्यावर अंगणात मोटार वळवताना ती अडखळू लागली, कोणी मागून पदर धरून ओढावं तशी. समोरच्या फळीवर चार चाकांचं चित्र असलेला एक पिवळा दिवा होता. तो सावकाश उघडझाप करू लागला. चिरंजीव नववीत आहेत. ते म्हणाले, "बाबा, हा दिवा लुकलुकतोय." मी म्हटलं, "सणासुदीचे दिवस आहेत, लुकलुकू दे." या विनोदाला मीच हसलो.

पाचव्या दिवशी गणपती पोचवले. त्या दिवशी पावसाने नुसता धिंगाणा घातला होता. पाहुण्यांना सोडायला सावंतवाडीच्या दोन खेपा झाल्या होत्या. रात्री साडेनऊच्या सुमारास आईला दम लागला. दमा तिला नवा नाही. आधी ती फवारा ओढते, उशाला दोन उशा घेते, आणि तासाभरात बरं वाटतं. त्या रात्री तसं झालं नाही. तिला वाक्य पुरं करता येईना. ओठ काळसर दिसू लागले. सौभाग्यवती म्हणाल्या, "गाडी काढा."

आईला पुढे बसवलं आणि मोटार घाटीला लावली. पन्नास-साठ पावलं ती चढली. मग तो पिवळा दिवा भराभर उघडझाप करू लागला, आणि क्षणात मागची ओढ नाहीशी झाली. पुढची चाकं चिखलात गरगरू लागली. मोटार तिरपी झाली आणि हळूहळू वहाळाच्या बाजूला घसरायला लागली. मी ब्रेक दाबून धरला. पाऊस काचेवर आपटत होता, आणि शेजारी आईच्या श्वासाची शीळ ऐकू येत होती. ती एवढंच म्हणाली, "झिला, घाबरा नको."

पलीकडच्या वाडीत अकरा दिवसांच्या गणपतीपुढे भजन चाललं होतं. चिरंजीव पावसात धावत गेले. टाळ खाली ठेवून आठ-दहा जण आले. कोणी गोणपाटं आणली, कोणी माडाची झापं. ती पुढच्या चाकांखाली घातली, आणि खांदे लावून त्यांनी आम्हांला वर काढलं. यात अर्धा तास गेला. सावंतवाडीच्या दवाखान्यात आईला प्राणवायू लावला, औषधाची वाफ दिली. डॉक्टर म्हणाले, "आलात ते बरं झालं. पण अर्धा तास आधी आला असता, तर फार बरं झालं असतं." तिसऱ्या दिवशी आई घरी आली. या वाक्यापुढे मला काही लिहिता येत नाही, म्हणून मोटारीकडे वळतो.

गॅरेजला फोन केला तेव्हा पहिली ताकीद मिळाली: ही मोटार दोन चाकं उचलून आणि दोन जमिनीवर ठेवून ओढत आणायची नाही, सपाट ट्रकवर चारही चाकं वर घेऊनच आणायची. तशी ती उद्यमनगरात आली. मिस्त्रींनी कपलिंगचं तेल बोटावर घेऊन माझ्या नाकापुढे धरलं. आंबोलीला जो वास मी ट्रकच्या माथी मारला होता, तोच हा.

"टायर कवा बदलले, सर?"

"श्रावणात."

"चार?"

"दोन."

मिस्त्री पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी मोटार जॅकवर उचलली. पुढच्या चाकाभोवती सुतळीचा एक वेढा घेतला, जिथे टोकं मिळाली तिथे कापली. तसाच वेढा मागच्या चाकाभोवती. दोन्ही सुतळ्या फरशीवर शेजारी शेजारी ताणून ठेवल्या आणि मला म्हणाले, "बघा."

एक सुतळी दुसरीपेक्षा अडीच बोटं आखूड होती. फुटपट्टी लावली तेव्हा फरक सव्वाचार सेंटिमीटर भरला. पुढचे टायर नवे असते तर तो पावणेसात सेंटिमीटर भरला असता. त्यांच्या झिजेने माझी चूक थोडी झाकली होती, एवढंच.

आता गणित ऐका, अवघड नाही. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. हातात हात धरून चाललेल्या लहान मुलाची पावलं बापापेक्षा जास्त पडतात, तसंच. एका किलोमीटरला माझ्या पुढच्या चाकांचे सुमारे ४७० फेरे होत होते आणि मागच्यांचे ४७९. नऊ फेऱ्यांचा फरक. कोल्हापूरपासून आमचं गाव सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे एका खेपेला हजाराहून जास्त फेऱ्यांचा फरक. वडाभोवती सात फेरे घालताना बायका दमतात, इथे हजार!

साध्या मोटारीत हा फरक निभावतो. पुढची दोन आणि मागची दोन यांच्यामधे काही धागाच नसतो. ज्याने त्याने आपल्या चालीने चालावं. दोन टायर निराळ्या मापाचे घालणं तिथेही शहाणपणाचं नाही, पण इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही. चारही चाकं ओढणाऱ्या मोटारीत मात्र पुढची आणि मागची चाकं एका दांड्याने एकमेकांशी बांधलेली असतात. पुढून एका वेगाने फिरणारं टोक येतं, मागून दुसऱ्या वेगाने, आणि दोघांची गाठ त्या चकत्यांच्या डब्यात पडते. तिथे चकती चकतीवर घासत राहते. तेल तापतं, जळतं. त्यात भर अशी, की मोटारीचा यांत्रिक मेंदू प्रत्येक चाकाचे फेरे मोजत असतो. पुढच्या-मागच्यांत फरक दिसला की त्याला वाटतं, कुठलं तरी चाक घसरतंय. तो बिचारा मदतीला धावतो आणि चकत्यांची पकड आणखी घट्ट करतो. कोरड्या, सरळ रस्त्यावर मोटार अशी महिनाभर स्वतःशीच झुंजत होती. वळताना ती अडखळायची ती यामुळेच.

"आणि घाटीवर काय झालं?" मी विचारलं.

"प्लेटा आधीच गुळगुळीत झालेल्या, सर. चढावर ताण पडला तसं डबा तापला. लई तापला की गाडी आपला जीव वाचवायला मागची ओढ सोडून देते. मग तुमची चार चाकांची गाडी दोन चाकांची झाली."

म्हणजे ज्या एका रात्रीसाठी ती मोटार घेतली होती, ती रात्र येण्याआधीच तिची ताकद मी तिला आपसांत भांडायला लावून संपवली होती.

त्या संध्याकाळी मी मूळ ग्रंथ उघडला. तो दिवा सावकाश उघडझाप करतो तेव्हा त्याचा अर्थ, 'पुढच्या आणि मागच्या चाकांच्या व्यासांत फरक आहे, टायर तपासा.' भराभर करतो तेव्हा अर्थ, 'कपलिंग तापलं आहे, मोटार थांबवा.' दोन ओळी, स्वच्छ छापलेल्या. मोटार मला तिच्या भाषेत सांगत होती, आणि भाषेचा प्राध्यापक तिला सणाची रोषणाई म्हणत होता.

तरी मिस्त्रींशी वाद घालायची खोड गेली नव्हती. मी म्हटलं, "अहो, पण आपल्याकडे शेतात ट्रॅक्टर आहेत, त्यांचीही चारही चाकं ओढतात. त्यांचं पुढचं चाक तर मागच्याच्या निम्मं दिसतं!"

मिस्त्री हसले. "त्याची दंतचक्रं तशीच कापलेली असतात, सर. लहान चाकाला जास्त फेरे कारखान्यातनंच बांधून दिलेले. त्यातलंबी एक माप बदललं, तर तो बी बिघडतोय."

हे ऐकून मी पुढची शंका गिळली. पण ती एखाद्या वाचकाच्या मनात येईल म्हणून सांगतो. काही महागड्या मोटारींत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, ते कसे चालतात? बी.एम.डब्ल्यू.च्या एक्स ५ या मोटारीवर कारखान्यातूनच पुढे २७५/४० आर २० आणि मागे ३१५/३५ आर २० अशी जोडी मिळत असे. कागद-पेन्सिल घेऊन बसा: पुढच्याचा व्यास ७२८ मिलिमीटर, मागच्याचा साडेसातशेअठ्ठावीस, छे, चुकलो, सातशे साडेअठ्ठावीस. रुंदीत चार सेंटिमीटरांचा फरक, पण व्यासात अर्धा मिलिमीटर! आकडे निराळे दिसले तरी फेरे सारखे पडावेत, हे तिथे कोणीतरी बसून जुळवलेलं आहे. माझ्या मोटारीत आकडे सारखे दिसत होते आणि फेरे निराळे पडत होते.

मग प्रश्न राहिला मूळ मापाचे नवे दोन टायर घेण्याचा. मी भीत भीत विचारलं, "आता ६५चे दोनच घेतले तर?" मिस्त्रींनी पुन्हा सुतळी उचलली. नव्या टायरवर सुमारे आठ मिलिमीटर खोल नक्षी असते. कायद्याने ती १.६ मिलिमीटरांच्या खाली जाऊ द्यायची नाही. माझे पुढचे टायर चार मिलिमीटर झिजले होते. म्हणजे व्यास आठाने कमी आणि घेर अडीच सेंटिमीटरांनी कमी. माप अगदी बरोबर, तरी फरक राहिलाच. सुबारू ही जपानी कंपनी चारही चाकांच्या मोटारींसाठी नावाजलेली; तिच्या मते चार टायरांच्या घेरांत पाव इंचाहून, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरांहून जास्त फरक नसावा. अमेरिकेत एकच टायर फाटला, तर काही दुकानदार नवा टायर यंत्रावर तासून इतर तिघांइतका झिजवून देतात. नवं विकत घ्यायचं आणि वर पैसे देऊन ते जुनं करून आणायचं! आमच्या घरात हे सांगितलं, तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर चौदा हजार वाचवणाऱ्याने सोसावीच लागते.

चार टायर घेतले. कपलिंग बदललं. हिशेब वर दिलाच आहे.

चिरंजिवांनी मात्र संधी साधली. "बाबा, चार घ्यायचेच आहेत, तर सतरा इंची चाकं घ्या ना! छान दिसतात." पूर्वीचा मी असतो तर ओरडलो असतो. या वेळी आम्ही बाप-लेक वही घेऊन बसलो. २१५/६० आर १७ चा व्यास येतो ६९० मिलिमीटर; मूळचा ६८६. आतलं चाक एका इंचाने मोठं, टायरची भिंत त्या मानाने आखूड, आणि एकूण फरक शेकडा एकाहूनही कमी. चारही तशी घातली, तर डब्यातल्या चकत्यांना कळायचंसुद्धा नाही. म्हणजे माप बदलणं हे पाप नव्हे. पाप आहे ते एकाचं बदलणं आणि दुसऱ्याचं न बदलणं. पण चाकाची नटांची भोकं जुळावी लागतात, चाक आत-बाहेर किती बसतं ते पाहावं लागतं, टायरची वजन पेलण्याची ताकद मूळच्यापेक्षा कमी चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि विमा कंपनीही नंतर विचारते. एवढं सगळं वहीत लिहून झाल्यावर चिरंजीव स्वतःच म्हणाले, "राहू द्या, सोळाच बरी." गणिताचा असा उपयोग मी प्रथमच पाहिला.

आता आमच्या घरी काही नियम झाले आहेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरांना चाकं पुढची मागे आणि मागची पुढे करायची, म्हणजे चौघं सारखीच झिजतात. स्टेपनीलाही त्या फेऱ्यात घ्यायचं. नाहीतर ती कोरी राहते आणि ऐन वेळी तीच परकी ठरते. चारही टायरांतली हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवायची. आणि दुकानदार "बसतंय की" म्हणाला, तर "बसतंय हो, पण चालतंय का?" असं विचारायचं. बसणं आणि चालणं ही दोन निराळी क्रियापदं आहेत, हे मी तरी ओळखायला हवं होतं.

यंदाच्या गणपतीत मोटार घाटी उतरली आणि चढली. वर रस्त्याला लागेपर्यंत मी त्या दिव्यावरची नजर काढली नाही. तो गप्प होता. आई दारात उभी राहून पाहत होती. मी परत खाली आलो, तेव्हा तिने मोटारीभोवती एक फेरी घातली, चारही टायरांवर हात फिरवला आणि विचारलं, "चाकां सगळी सारखी केलंस मां?"

"केली गो आई."

"मगे बरां," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील आणि बोलावणीही येतील. 'दोन शब्द' मी यंदाही बोलेन. पण एक चाक लहान आणि एक मोठं असलं तर रथ चालणार नाही, असं आता म्हणणार नाही. मिस्त्रींनी मला शिकवलं आहे, की तो चालतो; सरळ रस्त्यावर कित्येक दिवस छान चालतो. फक्त आतल्या आत कुठेतरी घासत राहतो, आणि चिखलाची रात्र आली की थांबतो. म्हणून वधूवरांना मी एवढंच सांगणार आहे, की समोरचा लहानसा दिवा लुकलुकला तर हसण्यावारी नेऊ नका, आणि घरात पुस्तक असेल तर ते उघडून वाचा.